रुमालाखालचा ठोकळा

दूलिऊ, प्रजासत्ताकाचं अठरावं वर्ष
नववा महिना, तिथी सहा

ल्वान भावजींना थाओंच्या घरच्या वहिनीचा नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे हे विचारायचंय, पण आधी भांडून घेते. तुमचा लाडका शेवटचा शिष्य निंग यूछंग गेल्या महिन्याच्या मध्यापासून नव्या वर्षापर्यंत माझ्या चहाघरात कथा सांगणार होता. शब्द तुमच्यासमोर दिलेला. मी बाकं घासली, दारावर त्याच्या नावाचा फलक लावला, आणि हा पठ्ठ्या तियानजिनच्या मोठ्या चहाघरात जाऊन बसला. निरोप काय, तर म्हणे घसा धरलाय. तियानजिनच्या हवेत बरा सुटला हो घसा! कथा नाही तर गिऱ्हाईक नाही. नुसता चहा काय, लोक घरी पितात. चार दिवस मी आणि माझा बंब एकमेकांकडे बघत बसलो होतो.

पाचव्या दिवशी मी एक कथेकरीण बसवली. हो, बाईच. दक्षिणेकडून आलीय, यिनपिंग नाव, तेवीस वर्षांची. 'गढीचा वेढा' सांगते. पहिल्या दिवशी अकरा जण होते आणि त्यातले चौघे टिंगल करायला आलेले. काल लोक शिर्क्याच्या कारखान्यातून तसेच, हात न धुता आले. अख्खं चहाघर आंबट वासानं भरलं, पण एक माणूस उठला नाही.

भावजी, तिचा तो नदीकाठी जाळं विणणारा ऋषी तुम्ही ऐकायला हवा. तुमचा ऋषी बोलला की पेले थरथरायचे, ते मी विसरले नाही. हिचा ऋषी बोलतो तेव्हा लोक पेला खाली ठेवायलासुद्धा घाबरतात, आवाज होईल म्हणून. असं मी या घरात सून म्हणून आल्यापासून पाहिलं नव्हतं.

सोबत शिर्क्याची बरणी आणि वाळवलेली बोरं पाठवतेय. खोकला कसा आहे?

थाओंच्या घरची


तियानजिन
नववा महिना, तिथी दहा

वहिनी,

खोकला आहे तसाच आहे. शिर्का उत्तम. बोरं यूछंगनं खाल्ली.

त्याला मी झापलं. मान खाली घालून उभा राहिला. चाळिशीच्या बाप्याला आणखी काय करणार? मोठ्या चहाघराची हाव सुटली त्याला, माझ्या तोंडाला काळं फासलं. ते माझं मी बघेन. पण तुमचं पत्र वाचून माझी झोप उडाली ती वेगळ्याच कारणानं.

त्या पोरीचा गुरू कोण? कुठल्या घराण्याची, कितव्या पिढीची? गुरूपुढे डोकं टेकलं तेव्हा साक्षीला कोण होतं? यातलं एक अक्षर तुमच्या पत्रात नाही. वहिनी, तुम्ही काल या धंद्यात आला नाहीत. गुरूशिवाय कथा सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात नांगर घालणं. आणि ऋषी! तेवीस वर्षांची पोर ऋषी सांगणार? ऋषीसाठी पोटात वय लागतं. माझ्या गुरूंनी मला सात वर्षं ऋषीच्या वाटेला जाऊ दिलं नाही. 'आधी हमाल हो, चोर हो, सेनापती हो, मग ऋषीकडे बघू,' म्हणायचे. छातीतून नाही, बेंबीतून आवाज काढायला शिकलो, तेव्हा कुठे जमलं.

दुसरी गोष्ट वाईट आहे. यूछंगला हे कळलं आणि त्यानं ते आमच्या कथेकरी मंडळींच्या बैठकीत काढलं. स्वतः पळाला ते राहिलं बाजूला, चोराच्या उलट्या बोंबा. पण मुद्दा खोटा नाही, त्यामुळे मला गप्प बसवता येईना. बैठकीत ठरलं, की निगुरी बाई बसवणाऱ्या चहाघरात आमच्यापैकी कोणी पाय ठेवणार नाही. आज नाही, पुढेही नाही. आणि ती बाई कथेत जो लाकडी ठोकळा आपटते, त्यावर भर कथेत रुमाल घालायचा. सगळ्यात वडील मी, म्हणून रुमाल माझ्या हातात दिलाय.

तिला मुकाट्यानं उठवा. मी दुसरा कथेकरी पाठवतो. थाओ आज असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं.

ल्वान हछुन


दूलिऊ
नववा महिना, तिथी तेरा

भावजी,

थाओ असते तर काय म्हणाले असते ते मला नका सांगू. अठ्ठावीस वर्षं संसार मी केला. तुम्ही फक्त त्यांच्याबरोबर दारूचा पेला उचलून भाऊ-भाऊ झालात.

तुमची मंडळी कुठे होती हो, मी चार दिवस रिकाम्या बाकांवर फडकं मारत होते तेव्हा? आता माझ्या घरात दिवा लागला तर तो विझवायला रुमाल घेऊन निघालात. दुसरा कथेकरी नको मला. लोक हिलाच मागतात. काल पाऊस होता तरी पलीकडच्या काठावरून नावेनं आले.

विचारलं मी तिला. गुरू नाही म्हणाली. रुमाल उचलायचं कडवं येतं का विचारलं, तर म्हणाली, असं काही असतं हेच ठाऊक नाही. लबाडी तिच्या रक्तातच नाही, लबाडी लागेल तेव्हा माझ्याकडून उसनी घेते.

म्हणून पदर पसरते. ते कडवं चारच ओळींचं आहे ना? लिहून पाठवा. तुम्ही रुमाल घाला, ती कडवं म्हणत रुमाल उचलेल, ठोकळा आपटेल, तुमच्या मंडळींचं समाधान आणि माझं चहाघर दोन्ही राहील. कोणाला कळतंय? तुम्हाला, मला आणि टपालवाल्याला. त्याला वाचता येत नाही.

थाओंच्या घरची


तियानजिन
नववा महिना, तिथी सोळा

वहिनी,

ते कडवं टपालानं जात नाही. गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जातं. पुन्हा असं मागू नका.

विसाव्या तिथीला कालव्याच्या नावेनं येतोय. पोरीला सांगायचं नाही. रीत तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, म्हणजे नंतर मला दोष नको. तिनं कडवं म्हणून रुमाल उचलला तर मी तिची माफी मागेन आणि दिवसाची भरपाई देईन. नाही आलं, तर तिचा कथेचा पंखा आणि ठोकळा माझा, आणि ती जन्मात कुठल्याही गादीवर बसणार नाही. त्या दिवसाची उरलेली कथा मला पुरी करावी लागेल, कारण ऐकणाऱ्यांचा काही गुन्हा नसतो.

कांद्याची पात घातलेल्या पोळ्या करून ठेवा. भांडण झालं तरी जेवून जाईन.

हछुन


दूलिऊ
नववा महिना, तिथी सव्वीस

भावजी,

जेवलाही नाहीत. पोळ्या तशाच झाकून ठेवल्या होत्या. पहाटेच्या नावेनं निघून गेलात, पंखा आणि ठोकळा रुमालात गुंडाळून काखेत मारून. निघताना एक शब्द नाही. सहा दिवस झाले, गादी रिकामी आहे. लोक येतात, दारातून डोकावतात, विचारतात, 'काय ठरलं?' मी काय सांगू? मला तरी कुठे ठाऊक आहे?

तुम्ही गादीवर होतात, म्हणून तुमच्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नाही. बंबापाशी उभी राहून मी ते पाहिलं, ते तरी ऐका.

तुम्ही बाकावरून उठलात, गादीपाशी गेलात, ठोकळ्यावर रुमाल टाकलात आणि म्हणालात, 'बाई, हा उचला.' पोरीचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं. मला वाटलं आता रडेल, पाया पडेल. तिनं काय केलं? म्हणाली, 'मला उचलता येत नाही, आजोबा. पण सेनापती आत्ता धरणावर पोचलाय, लोकांना मध्येच सोडू नका.' आणि उतरली. तुम्हाला हात देऊन वर चढवलं. मग तुमच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

तुम्ही सांगायला लागलात. काय सांगता भावजी! तीन वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. सेनापतीचा घोडा फुरफुरला तेव्हा पुढच्या बाकावरचा शिर्केवाला मागे सरकला. आणि ती पोर मागे उभी राहून तुमच्या शब्दाबरोबर ओठ हलवत होती. जिनं सगळं गमावलं ती बाई तुमच्याकडे अशी बघत होती, जसं लग्नात नवरीची आई नवरीकडे बघते. एवढं कौतुक! मला तिचा राग आला, खरं सांगते.

मग ऋषी आला. तुम्ही गरजलात, 'हे सेनापती!' पेले थरथरले. आणि तुम्ही थांबलात. इतका वेळ थांबलात की मला वाटलं खोकला आला. मग मान मागे वळवून तिला म्हणालात, 'पुढचं तू सांग.'

ती गादीवर चढली नाही. पंखा नाही, ठोकळा नाही. दारातच, रिकाम्या हातांनी उभी राहून तिनं सांगितलं. ऋषी सेनापतीला टेकडीवर नेतो. खाली शत्रूचं गाव, संध्याकाळची वेळ, घराघरांतून चुलींचा धूर. सेनापतीला धरण फोडून ते गाव बुडवायचंय, मुहूर्त विचारायला आलाय. आणि ऋषी जाळ्याची गाठ मारता मारता म्हणतो, 'मुहूर्ताचं बघू रे बाबा. ते कडेचं घर बघ. आज त्यांची चूल उशिरा पेटली. घरात कोणी आजारी असेल का?' एवढंच. एखादा म्हातारा दुपारी ओसरीवर बसून बोलतो तसा आवाज. सेनापती बोलतच नाही.

आता माझी लबाडी. पोर दक्षिणेकडची नाही. माझी सून आहे. माझा मुलगा तापानं गेला तेव्हा तिला म्हटलं, वय लहान आहे, दुसरं लग्न कर. म्हणाली, माझ्या आंधळ्या आईला जागा द्या, मी इथेच राहते. बायका चहाघरात बसत नाहीत, म्हणून ती कणीक मळता मळता स्वयंपाकघराच्या खिडकीतून कथा ऐकायची. तुमचीही ऐकली, तीन वर्षांपूर्वी, सबंध हिवाळा. आणि भांडी घासता घासता आईला सांगायची. पहिल्यांदा तुमच्यासारखाच गरजणारा ऋषी सांगितला, तर आई म्हणाली, 'ज्याला सगळं कळतं तो कशाला ओरडेल? ओरडतो तो घाबरलेला असतो.' तिथून तो तसा झाला.

सगळं सांगून टाकलं. आता काय ते एकदाचं लिहा. ती नुसती कणीक मळते. पण काल मी पाहिलं, भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत होती. भावजी, ती सांगितल्याशिवाय जगेल, मरणार नाही. पण तसं जगणं मला बघवणार नाही.

तुमची वहिनी


तियानजिन
दहावा महिना, तिथी तीन

वहिनी,

तुमच्या सुनेला मी दारात पाय ठेवताच ओळखलं. दक्षिणेकडून आलेली पोर तुमच्या स्वयंपाकघरातून बाहेर येते, तुम्हाला 'आई' म्हणते आणि बंबाची तोटी कुठे अडकते हे तिला ठाऊक असतं? म्हातारा झालोय, आंधळा नाही.

न जेवता गेलो, कारण घास उतरला नसता. चाळीस वर्षं ऋषी सांगतोय. लोक म्हणायचे, ल्वानचा ऋषी ऐकला की आठवडाभर कान बरे होत नाहीत, आणि मी ते अभिमानानं मिरवत होतो. त्या दिवशी 'हे सेनापती' म्हणालो आणि पुढचं वाक्य तोंडाशी आलं, त्या उशिरा पेटलेल्या चुलीचं. तेवढ्यात जाणवलं, की एवढ्या मोठ्यानं ओरडणाऱ्या माणसाला दुसऱ्याची चूल दिसणारच नाही. ते वाक्य माझ्या गुरूंचं, त्यांच्या गुरूंचं. आम्ही सगळे ते गर्जून सांगत आलो. मग तिनं सांगितलं. वहिनी, मी तुमच्याकडे पाठ करून बसलो होतो म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मी रडत होतो. दुःखानं नव्हे. इतकं चांगलं काही या वयात पुन्हा ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं म्हणून.

पंखा आणि ठोकळा नेला, कारण रीत होती. रुमाल तिला उचलता आला नाही, हे अख्ख्या चहाघरानं पाहिलं. तिथे सोडून आलो असतो तर उद्या दुसरा कोणी रुमाल घेऊन आला असता, आणि तो न ऐकता निघून गेला असता.

आता बैठकीचं ऐका. मी म्हणालो, ही पोर आपल्यात घ्यायची. लगेच यूछंग उठला. 'गुरुजी, घेणार कोण? तुम्ही तर दार लावलंत.' बरोबर बोलला. आमच्यात गुरूनं शेवटचा शिष्य घेतला की दार बंद, मग देव आला तरी उघडायचं नाही. तो शेवटचा शिष्य यूछंगच. बारा वर्षांपूर्वी दहा माणसांसमोर दार मीच लावलंय. बाकीचे म्हणाले, मग दुसऱ्या कोणी घ्यावं. दोघं तयारही झाले. मी दोघांना विचारलं, 'तिला काय शिकवाल?' दोघं परत खाली बसले. खरंच आहे. मला तरी काय शिकवता येणार होतं? कडवं, नमस्कार कसा करायचा, पंखा कुठल्या हातात धरायचा. ते शिकवून मी तिचा गुरू म्हणवून घेऊ? जनाची नाही तर मनाची तरी?

मग म्हणालो, 'मी तिला माझी शिष्या करत नाही. माझ्या गुरूंच्या वतीनं, त्यांची शिष्या करून घेतो.'

यूछंगला आधी उमगलं नाही. मग उमगलं, आणि त्याचा चेहरा तुमच्या शिर्क्यात बुडवल्यासारखा झाला. गुरू वारले असले तरी थोरल्या शिष्याला त्यांच्या नावानं शिष्य घेता येतो. जुनी रीत आहे, कोणाला खोडता येईना. दोघातिघांनी तोंड वाकडं केलं, पण हात सगळ्यांचे वर झाले, शेवटी यूछंगचाही.

म्हणजे ती आता माझ्या बरोबरीची. आणि आमच्या धंद्यात बाई असली तरी नातं पुरुषाचंच. मला सदुसष्टाव्या वर्षी तेवीस वर्षांचा धाकटा भाऊ झाला. माझ्या सगळ्या शिष्यांचा तो काका.

आमच्या पिढीच्या प्रत्येकाच्या नावात 'ह' आहे, म्हणजे सारस. तिचं नाव 'हशंग' ठेवलंय, सारसाची हाक. आवडत नसेल तर आत्ताच सांगा, फलक रंगवायचाय.

बाराव्या तिथीला तिला घेऊन या. गुरूंच्या नावाच्या पाटीपुढे डोकं टेकेल. मग कडवं मी तिच्या कानात सांगेन.

हछुन

ता. क. तिच्या आईलाही आणा. मला तिच्याशी बोलायचंय. आमचे सेनापती कसे आहेत ते विचारेन म्हणतो, पण भीती वाटते.


दूलिऊ
दहावा महिना, तिथी एकवीस

भावजींना नमस्कार.

सुखरूप पोचलो. यिनपिंगला, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाला, नावेत सर्दी झाली, बाकी ठीक. तिची आई वाटभर तुमचंच बोलत होती. म्हणते, माणूस चांगला आहे, फक्त कोणीतरी त्याला लहानपणी सांगायला हवं होतं की लोकांना ऐकू येतं.

पुढचं कळवा म्हणालात, म्हणून कालचं लिहिते. दुपारी तुमचा यूछंग दारात उभा. हातात मिठाईचा पुडा. मोठ्या चहाघरानं त्याला काढलं की हाच सोडून आला, मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. चहाघर भरलेलं होतं. ती पेले विसळत होती. हा चाळीस वर्षांचा बाप्या तिच्यापुढे गेला, सगळ्यांदेखत कमरेत वाकला आणि म्हणाला, 'काका, चुकलो.'

शिर्केवाला इतका हसला की बाकावरून पडला. ती कानापर्यंत लाल झाली. हात पुसायला फडकं शोधत होती, सापडेना. शेवटी काय म्हणाली ठाऊक आहे? 'आधी जेवून घे.' काका झाल्यावर पहिला हुकूम! तोही गुमान जेवला. दोन वाडगे.

मग त्यानं मला विचारलं, नव्या वर्षापर्यंत बसू का? शब्द दिला होता, तो पुरा करतो. मी म्हटलं, गादी एकच आहे, आणि संध्याकाळची वेळ वडिलांची असते. तुमच्यात वडील कोण ते तुम्हीच ठरवा. माझ्या मनात होतं की आता तरी याचं नाक वर होईल. भावजी, मी चुकले. म्हणाला, 'संध्याकाळ काकांची. मी दुपारी बसतो. आणि संध्याकाळी मागे उभा राहून ऐकतो, जागा मिळाली तर.' खोटं वाटत नव्हतं. तुमचा शिष्य आहे शेवटी.

काल संध्याकाळी ती गादीवर बसली, तुम्ही कानात सांगितलेलं कडवं म्हणाली आणि तुम्ही परत दिलेला ठोकळा आपटला. पुढचं लिहीत नाही, ते लिहून येत नाही. दारातसुद्धा माणसं उभी होती, आणि यूछंग त्यांच्याही मागे, बाहेर थंडीत.

तुम्ही लवकर या. मात्र आधी कळवा. बाकं कमी पडतात, तुम्हालाही उभं राहावं लागेल.

तुमची वहिनी